बुरशी तयार आहे, पण फळं कोण गोळा करणार?

मागच्या अंकात एका उत्तरात मी जाता जाता लिहून गेलो की झाडाखाली सडणाऱ्या रानफळांपासून बुरशीच्या मदतीने इथेनॉल करता येतं, म्हणजे तेच जे हल्ली आपल्या पेट्रोलमध्ये २० टक्के मिसळलेलं असतं. त्या एका वाक्यावर एवढी पत्रं आणि मेसेज आलेत की या वेळचं सदर सगळं त्यालाच देऊन टाकलंय. सारखे प्रश्न एकत्र केलेत. ज्यांनी नुसता "फॉर्म्युला पाठवा" एवढंच लिहिलंय त्यांनीही शेवटपर्यंत वाचा, रागावू नका.

प्रश्न : आमच्याकडे मार्च ते मे काजूचा हंगाम. बी काढून घेतो आणि बोंडू, म्हणजे बीला चिकटलेलं रसाळ फळ, तिथेच टाकतो, नुसता खच पडतो, वास, चिलटं, गुरं तरी किती खाणार. गोव्याची गाडी येते ती थोडे नेते पण भाव काय, तिच्या मनाला येईल तो. या बोंडवांपासून इथेनॉल केलं तर टनाला किती निघेल आणि त्यावर आमचा पाण्याचा पंप चालेल का? (काजू बागायतदार, दोडामार्ग)

आधी आकडे मांडू, मग बोलू.

एक टन बोंडू पिळले की साधारण साडेसहाशे लिटर रस धरा, हाताच्या यंत्रावर कमीच निघेल. रसात साखर १० टक्क्यांच्या आसपास, म्हणजे झाली ६५ किलो. आता १ किलो साखर पूर्णपणे आंबली तर ५११ ग्रॅम इथेनॉल होतं आणि ४८९ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, हे गणित ठरलेलं आहे, कितीही महागाचं यीस्ट आणा ते यात एक ग्रॅम वाढवून देणार नाही. ५११ ग्रॅम म्हणजे साधारण ६५० मिली. तेव्हा ६५ किलोचे ४२ लिटर, पण हे कागदावर. यीस्ट थोडी साखर स्वतःच्या वाढीला खातं, थोडा रस आंबट होऊन जातो, थोडं इथेनॉल भट्टीतच मागे राहतं, हातात ३५ लिटर आले तरी उत्तम. त्यात इथेनॉलमध्ये लिटरमागे ऊर्जा पेट्रोलच्या दोन तृतीयांशच, म्हणजे टनभर बोंडू बरोबर तेवीस-चोवीस लिटर पेट्रोल. एवढ्यावर थांबलं असतं तरी मी म्हटलं असतं करून बघा, कारण तुमच्याकडे एक गोष्ट जमेची आहे जी बाकी कुठल्या रानफळाची नाही, बी पिरगळून काढताना बोंडू तुमच्या हातात येतोच, त्याच्या वेचणीची मजुरी बीनेच भरलेली आहे.

अडतं ते पुढे. ३५ लिटर इथेनॉल साडेसहाशे लिटर पाण्यात विरघळलेलं आहे. १ लिटर बाहेर काढायला तुम्हाला १८ लिटर आंबलेला रस तापवायचा, आणि त्यातला साधारण एक तृतीयांश वाफ करून उडवायचा, तेव्हा कुठे बहुतेक इथेनॉल वर येतं. गावाकडच्या चुलीत लाकडाची जेमतेम १५ टक्के उष्णता भांड्याला लागते, बाकी भिंतीला आणि बायकांच्या डोळ्यांना. हिशोब केला तर १ लिटरसाठी सहा-सात किलो लाकूड जळतं, म्हणजे मिळणाऱ्या इंधनाच्या पाचपट उष्णता आपण आधीच खर्च केली. आणि हे फक्त पहिल्या धारेचं! पहिल्या धारेला जे पडतं ते १५ टक्क्यांच्या आसपासचं, गोव्यात त्याला उर्राक म्हणतात आणि उन्हाळ्यात लिंबू-मीठ-मिरची घालून पितात. इंजिनसाठी ते पुन्हा आणि पुन्हा ऊर्ध्वपातित (डिस्टिल) करायचं, म्हणजे उकळून वाफ थंड करून गोळा करायची, आणि कितीही वेळा केलं तरी साध्या उकळण्याने ते ९५-९६ टक्क्यांवर अडकतं, उरलेलं पाणी काढायला वेगळी चाळणीसारखी खनिजं भरलेले स्तंभ लागतात. कारखान्यातल्या डिस्टिलरीत वाफ पुन्हा पुन्हा वापरली जाते, जाळायला बगॅस, म्हणजे उसाचा चोथा, फुकट असतो, म्हणून तिथे जमतं. चुलीवर नाही जमत.

मग फेणीवाल्यांना कसं परवडतं, असं तुम्ही म्हणाल. ते बाटली विकतात हो, इंधन नाही. फेणीला २००९ साली भौगोलिक मानांकन मिळालंय, तिची किंमत चवीची आणि नावाची आहे, तिच्यात किती कॅलरी उष्णता आहे याचा भाव कोणी लावत नाही. इथेनॉलला सरकारी तेल कंपन्या लिटरमागे साठ-सत्तर रुपये देतात, त्यात कोणाचं काय भागणार.

माझं ऐकाल तर पंप विसरा आणि गोबरगॅसकडे बघा. तिथे ऊर्ध्वपातन नाही, गॅस आपोआप वर येतो, पाणी खाली राहतं. फक्त नुसता बोंडू टाकू नका, रस आंबट असतो आणि टाकी बिघडते, शेणाबरोबर मिसळून थोडा थोडा वाढवत न्या. पिळून उरलेला चोथा वाळवला तर गुरांच्या खाद्यातही मिसळता येतो. शीतपेय करणाऱ्यांना रस द्यायचा असेल तर घशाला लागणारा तुरटपणा साबुदाण्याची खळ घालून खाली बसवतात, ही जुनी आणि स्वस्त युक्ती आहे. वेंगुर्ल्याच्या संशोधन केंद्रात बोंडवांच्या वापराबद्दल नीट माहिती मिळेल, लांब पण नाही तुम्हाला.

प्रश्न : तुम्ही एकदा बुरशी लिहिता एकदा यीस्ट. यीस्ट म्हणजे बुरशीच का? बुरशी म्हटलं की आम्हाला लोणच्यावरची आठवते. (गृहिणी, डोंबिवली)

हो, यीस्ट ही बुरशीच, फक्त एकपेशीय, म्हणून तिला कापसासारखे तंतू फुटत नाहीत. पावाचं, काही बिअरचं आणि इथेनॉलचं यीस्ट एकाच जातीचं, सॅक्रोमायसेस सेरेव्हिसी. साखर मिळाली तर ते इथेनॉल करतं. पण फळाची साल, गर, चोथा यातलं सेल्युलोज आणि स्टार्च त्याला पचत नाही, ते फोडून साखर करायला तंतू असलेल्या बुरश्या लागतात. कांद्याच्या सालीखाली काळी पूड दिसते ना, बोट लावलं की काजळीसारखी लागते, ती बहुतेक वेळा अॅस्परजिलस नायजर नावाची बुरशी असते. हिच्याच जातीकडून कारखान्यांत सायट्रिक अॅसिड करून घेतात आणि फळांचा रस नितळ करणारं पेक्टिनेज पण. लोणच्यावरची मात्र काढून फेका, तिच्यापासून काही करायला जाऊ नका.

प्रश्न : कृषी सेवा केंद्रात ट्रायकोडर्माचं पाकीट मिळतं, आम्ही शेणखतात मिसळून हरभऱ्याला टाकतो. एका व्हिडिओत बघितलं की इथेनॉल बनवायला पण ट्रायकोडर्माच वापरतात. मग हेच पाकीट बोरं, जांभळं, कडब्याच्या ढिगात टाकलं तर चालेल का? खर्च काहीच नाही म्हणून विचारतो. (शेतकरी, जालना जिल्हा)

प्रश्न एक नंबर आहे, आणि व्हिडिओवाला अर्धं खरं बोलला.

कारखान्यात वापरतात ती ट्रायकोडर्मा रीसी. तिची गोष्ट मजेशीर आहे. दुसऱ्या महायुद्धात पॅसिफिकमधल्या सॉलोमन बेटांवर अमेरिकन सैन्याचे तंबू, कापडी पट्टे, सगळं सुती सामान भराभर कुजायला लागलं, तेव्हा त्यांनी कुजलेले तुकडे गोळा करून त्यातल्या बुरश्या वेगळ्या केल्या. हेतू होता कापड वाचवायचा. त्यातली एक बुरशी सेल्युलोज असं काही खायची की एल्विन रीस आणि मेरी मँडेल्स या शास्त्रज्ञांनी प्रश्नच उलटा केला, जी बुरशी तंबू खाऊन साखर करते तिच्याकडून आपण मुद्दाम साखर करून घेतली तर? पुढे तिला रीसचंच नाव मिळालं. आज जगभर सेल्युलोज फोडणारी एंझाइम जिच्याकडून करून घेतात ती त्या एकाच नमुन्याची सुधारलेली वंशावळ आहे.

तुमच्या पाकिटातली असते ट्रायकोडर्मा विरिडी नाहीतर हार्झियानम, टाल्कच्या भुकटीत मिसळलेले बीजाणू. घराणं तेच, नोकरी वेगळी. ती मुळाजवळ वाढून मर रोगाच्या बुरशीला खाते, अडवते, त्यासाठी तुम्ही पैसे देता. ढिगात टाकली तर ती कडबा कुजवेल, खत चांगलं होईल, पण इथेनॉलचा थेंब मिळणार नाही, कारण ढिगात हवा असते आणि हवेत ही बुरशी जी साखर सोडवते ती स्वतःच खाऊन टाकते, उरतो कार्बन डायऑक्साइड आणि पाणी. कारखान्यात बुरशी वेगळ्या टाकीत वाढवतात, तिने बाहेर सोडलेली एंझाइम तेवढी गाळून घेतात, ती पेंढ्यावर घालतात, आणि साखर सुटली की यीस्टला देतात. म्हणजे बुरशीला जेवायला बसवायचं नाही, तिच्याकडून फक्त स्वयंपाक करून घ्यायचा.

आणि नुसता कडबा घेतला तर एंझाइमलाही आत शिरता येत नाही, सेल्युलोजभोवती लिग्निन नावाचं चिवट आवरण असतं. आधी दाबाखालची गरम वाफ नाहीतर पातळ आम्ल देऊन ते सैल करावं लागतं, हा सगळ्यात महाग टप्पा.

अजून एक सांगतो कारण हरभरा म्हणालात. मर रोग करणारी फ्युजॅरियम ऑक्सिस्पोरम, तिच्याच जातीतल्या काही बुरश्या प्रयोगशाळेत सेल्युलोज फोडण्यापासून इथेनॉलपर्यंत सगळं काम एकट्याने करतात, ना वेगळं एंझाइम ना वेगळं यीस्ट. कागदावर स्वप्नच. पण वेग यीस्टच्या मानाने फार मंद, आणि इथेनॉलबरोबर अॅसेटिक अॅसिड पण करून ठेवतात, त्यामुळे अजून प्रयोगशाळेतच आहेत. तुम्ही शेतात तिच्याशी लढताय तेच बरं.

प्रश्न : आमच्या ग्रामसभेला वनहक्क मिळालेत, मोहफुलं भरपूर होतात. व्यापारी पडत्या भावात नेतो. मोहापासून इंधन करण्याचा प्रकल्प ग्रामसभेने टाकला तर? दारू नाही, फक्त गाड्यांसाठी. (गडचिरोली जिल्हा, नाव देऊ नये अशी विनंती)

मोह म्हणजे फूल, फळ नाही, पण साखरेच्या बाबतीत सगळ्या रानफळांना मागे टाकतो. वाळलेल्या मोहफुलात साठ टक्क्यांच्या आसपास साखर असते, आणि मुख्य म्हणजे ती वाळवून ठेवता येतात. बोंडवासारखी दुसऱ्या दिवशी आंबून जात नाहीत, पोत्यात भरून ठेवली तर काम हळूहळू वर्षभर चालू शकतं. डिस्टिलरीच्या दृष्टीने ही फार मोठी गोष्ट. मी साखर कारखान्याच्या डिस्टिलरीच्या लॅबमध्ये नोकरी केली, तिथे कच्चा माल संपला की डिस्टिलरी बंद आणि बंद डिस्टिलरीचं व्याज चालू, हे बघितलंय.

आता भाव. ३ किलो वाळलेल्या फुलांचं १ लिटर इथेनॉल होईल, नीट केलं तर. फूल समजा ४० रुपये किलो, म्हणजे १२० रुपयांचा नुसता कच्चा माल झाला. तेल कंपन्यांनी २०२४-२५ साठी मक्याच्या इथेनॉलला दिलेला भाव लिटरला ७१ रुपये ८६ पैसे होता, आणि तो वरच्या भावांपैकी. ज्या दिवशी मोहफूल २० रुपयांवर येईल त्या दिवशी प्रकल्प कदाचित फायद्यात येईल, पण तो दिवस यावा असं तुम्हालाही वाटत नसेल, कारण पहाटे अंधारात उठून टोपल्या भरणाऱ्या बाईला मग काय मिळालं? इंधन ही वस्तूच अशी आहे की तिच्यात कच्च्या मालाचा भाव पाडल्याशिवाय काही उरत नाही.

दुसरं, तुमचा जिल्हा १९९३ पासून दारूबंदीचा. वर्तमानपत्रात दर आठवड्याला "मोहाचा सडवा नष्ट" अशी बातमी असते. भिजवलेली, आंबलेली मोहफुलं म्हणजे कायद्याच्या नजरेत सडवाच, तुमच्या मनात गाडी असो की ग्लास. महाराष्ट्र दारूबंदी कायदा १९४९ खाली परवान्याशिवाय आंबवणं, भट्टी ठेवणं, दोन्ही गुन्हे. परवाना मागायला गेलात तर राज्य उत्पादन शुल्कवाले पहिला प्रश्न विचारतील की रात्री टाकीवर कोण बसणार, आणि तो प्रश्न चुकीचा नाही.

ग्रामसभेला मी म्हणेन भाव मिळवायचा तर साठवणुकीत मिळवा. हंगामात सगळे एकदम विकतात म्हणून भाव पडतो. कोरडं गोदाम, खाली जाळी टाकून गोळा केलेली स्वच्छ फुलं (झाडाखालचा पाला जाळायची पण गरज राहत नाही, त्यातून लागणारे वणवे तुम्हाला मी काय सांगू), आणि चार महिने थांबायची ताकद. मेंढा-लेखा गावाने २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळवून बांबू स्वतः विकून दाखवला, तुमच्या शेजारचंच उदाहरण आहे. मोहाचे लाडू, मनुक्यासारखी खायची फुलं, याला किलोमागे जे मिळतं ते गाडीच्या टाकीतून कधीच मिळणार नाही.

प्रश्न : बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे, मायक्रोबायोलॉजी. करवंद आणि जांभळापासून इथेनॉल असा प्रोजेक्ट घेतलाय. सर म्हणतात डिस्टिलेशनचा सेटअप मिळणार नाही. मग इथेनॉल किती झालं ते दाखवणार कसं? आणि बुरशी कुठून आणू, फळावरचीच घेऊ का? (विद्यार्थिनी, कोल्हापूर)

सर बरोबर बोलतायत, आणि डिस्टिलेशनची तुला गरज पण नाही. एक तराजू पुरे, दोन दशांशाचा असेल तर फारच छान.

वर सांगितलं तसं, साखरेचं इथेनॉल होताना कार्बन डायऑक्साइड बाहेर जातो, आणि दोघांचं प्रमाण ठरलेलं आहे. २०० मिली रस फ्लास्कमध्ये घे, बुचातून नळी काढून तिचं टोक पाण्यात बुडव म्हणजे गॅस बाहेर जाईल पण हवा आत येणार नाही. रोज एकाच वेळी, नळी काढून, फ्लास्कचं वजन कर. जेवढं वजन घटलं तेवढा गॅस गेला, आणि प्रत्येक १ ग्रॅम घटीमागे साधारण १.०५ ग्रॅम इथेनॉल आत तयार झालं. वजन घटायचं थांबलं की आंबवण संपलं. याचा ग्राफ काढलास तर परीक्षक खूश होतील, कारण बहुतेक मुलं शेवटचा एक आकडा आणतात, तुझ्याकडे रोजची चाल असेल. सोबत रिफ्रॅक्टोमीटरने ब्रिक्स, म्हणजे रसातल्या साखरेची टक्केवारी, घे, फक्त लक्षात ठेव की इथेनॉल झाल्यावर रिफ्रॅक्टोमीटर फसवतो, खरी उरलेली साखर तो दाखवतो त्यापेक्षा कमी असते. झाकण घट्ट लावून बाटली कधीच ठेवू नकोस, फुटते, काचा छतापर्यंत जातात.

फळावरची बुरशी नको. फळाच्या सालीवर जी रानटी यीस्ट असतात ती सुरुवात जोरात करतात पण चार-पाच टक्के इथेनॉलला मान टाकतात, आणि त्यांच्याबरोबर चिलटांनी आणलेले व्हिनेगरचे जिवाणू आलेच. खरं तर हा तुझ्या प्रोजेक्टचा दुसरा भाग होऊ शकतो, एका फ्लास्कमध्ये रानटी आणि एकात विकतचं, दोघांची वजनं शेजारी शेजारी. विकतचं म्हणजे बेकरीचं यीस्ट पण चालेल, पण कॉलेजच्या लेटरहेडवर पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतल्या एनसीआयएम या सूक्ष्मजीवांच्या संग्रहातून डिस्टिलरीचं यीस्ट मागवलंस तर रिपोर्टमध्ये स्ट्रेनचा नंबर लिहिता येईल, त्याने वजन वाढतं, रिपोर्टचं.

करवंदात पेक्टिन फार आणि चीक पण, रस जेलीसारखा होतो. तिथे पेक्टिनेज घाल, अॅस्परजिलसपासून केलेलं, तयार मिळतं. कांद्यावरची काळी बुरशी वाढवून घरगुती पेक्टिनेज करण्याचा मोह होईल, तो टाळ, बीजाणू नाकात जातात आणि कुठली जात आहे ते डोळ्यांना कळत नाही. सामू (पीएच) साडेचार-पाचच्या मध्ये, तापमान ३० अंश, आणि लिटरला अर्धा ते एक ग्रॅम डीएपी (नायट्रोजन देणारं क्षार), कारण रानफळांच्या रसात साखर असते पण नायट्रोजन नसतो आणि यीस्ट उपाशी राहून अर्ध्यात काम सोडतं. बऱ्याच प्रोजेक्टमध्ये "जांभूळ नीट आंबत नाही" असं लिहिलेलं असतं, मला शंका आहे की त्यातल्या निम्म्यांनी डीएपीच घातलं नसेल.

आणि हे नीट वाच. पेक्टिन फुटताना मिथेनॉल सुटतं. पेक्टिनेजने जास्तच सुटतं. कोणी मित्र गंमत म्हणून चव बघतो म्हणाला तर फ्लास्क लपव. २०१५ मध्ये मुंबईत मालवणीला विषारी दारूने शंभराहून जास्त माणसं गेली ती मिथेनॉलमुळेच. तिथे मिथेनॉल बाहेरून मिसळलेलं होतं, तुझ्या करवंदात त्या मानाने अगदी थोडंच असेल, तरी प्रयोगाचा रस हा प्रयोगाचाच.

प्रश्न : आमच्याकडे फक्त वेडी बाभूळ येते. शेंगा शेळ्या खातात, बाकी काही उपयोग नाही. त्याचं होईल का काही? (करमाळा)

तांत्रिकदृष्ट्या बघितलं तर या अंकात आलेल्या सगळ्या नावांमध्ये मला हीच सगळ्यात आवडली! शेंगेचा गर गोड असतो, त्यात ऊसासारखीच साखर, म्हणजे सुक्रोज, यीस्टला थेट चालणारी. शेंग वाळकी, पोत्यात भरून वर्षभर ठेवता येते. झाड मूळचं अमेरिका खंडातलं, इथे उपरं, त्यामुळे अस्वलाच्या नाहीतर धनेशाच्या तोंडचा घास काढला असंही होत नाही, जे जांभूळ-उंबराच्या बाबतीत होतं आणि ज्याचा विचार इंधनवाले कधीच करत नाहीत. उलट शेळ्या शेंगा खाऊन लेंड्यांतून बी पसरवतात तेच तुमच्या गायरानाचं दुखणं आहे, शेंगा गोळा करून दळल्या तर तेवढं बी तरी मेलं.

अडचण तीच. काटे. एका झाडाला किती शेंगा, माणूस दिवसाला किती गोळा करणार, त्याची मजुरी किती. आणि शेळीला ती शेंग काहीही प्रक्रिया न करता दूध आणि मटणात बदलता येते, हा मुकाबला इथेनॉल हरतं. तरीही एखाद्या साखर कारखान्याने, ज्याची डिस्टिलरी ऊस संपल्यावर रिकामी बसते, जवळच्या गावांतून शेंगा घेऊन एकदा चाचणी करून बघावी असं मला मनापासून वाटतं. यंत्र आहे, वाफ आहे, परवाना आहे, माणसं बसून आहेत. रानफळांचं इथेनॉल कुठे जमणार असेल तर ते अशा ठिकाणी, जिथे बाकी सगळं आधीच उभं आहे आणि माल पोत्यात भरून येतोय.

प्रश्न : पानिपतला काडापासून इथेनॉल बनतं, मग आपल्याकडे सह्याद्रीतली फळं का नाही? तंत्रज्ञान तर पुण्याचंच आहे म्हणे. (सॉफ्टवेअर इंजिनिअर, हिंजवडी)

हो, पुण्याच्या प्राज कंपनीचं. इंडियन ऑइलच्या त्या प्रकल्पाचं उद्घाटन १० ऑगस्ट २०२२ ला झालं, वर्षाला सुमारे २ लाख टन भाताचं काड आणि त्यातून सुमारे ३ कोटी लिटर इथेनॉल हे त्याचं उद्दिष्ट. भागाकार करा, टनाला १५० लिटर, बोंडवाच्या चौपट, कारण काड कोरडं आहे आणि बोंडू म्हणजे मुख्यतः पाणी. हरियाणा-पंजाबात ते काड सपाट शेतात एका जागी पडलेलं असतं, यंत्राने गाठोडी बांधून ट्रकवर चढतं, आणि नाही नेलं तर शेतकरी पेटवून देतो. आता दिवसाला पाचशे-सहाशे टन करवंदं आंबोली घाटातून कोण उतरवणार ते तुम्हीच सांगा, आणि तीही मे महिन्याचे चार आठवडे, नंतर अकरा महिने काय?

बुरशीचं काम तिथेही तेच, काडातलं सेल्युलोज फोडायचं. काडात झायलोज नावाची दुसरी साखर पण बरीच असते, ती साध्या यीस्टला पचत नाही, त्यासाठी जनुकं बदललेलं यीस्ट नाहीतर लाकूड पोखरणाऱ्या भुंग्यांच्या पोटात सापडणाऱ्या जातीचं यीस्ट लागतं. हे सगळं झालेलं आहे, होतंय. बुरशी कुठेच कमी पडत नाहीये हो, कमी पडतात ट्रक.

प्रश्न : घरी केलेलं थोडंसं इथेनॉल स्कूटरच्या टाकीत घातलं तर काय होईल? ई-२० चालतंच की. (नाशिक)

ई-२० मधलं, म्हणजे २० टक्के मिसळलेल्या पेट्रोलमधलं, इथेनॉल ९९.५ टक्क्यांच्या वरचं, जवळजवळ निर्जल असतं. घरी ९० टक्के झालं तरी उरलेलं १० टक्के पाणी असतं, ते पेट्रोलमध्ये ठरावीक प्रमाणाच्या वर गेलं की इथेनॉलला सोबत घेऊन टाकीच्या तळाशी वेगळा थर करून बसतं, आणि इंधनाची नळी तळातूनच ओढते. गाडी बंद पडेल, टाकी आतून गंजेल, मेकॅनिक म्हणेल पेट्रोलमध्ये पाणी आहे आणि तुम्ही पंपवाल्याशी भांडायला जाल. तसं ते घरी करणं हाच गुन्हा आहे हे वर गडचिरोलीच्या उत्तरात आलंय, नाशिकलाही कायदा तोच.